खालून वर

ताईने एकदा एखादं काम हातात घेतलं की ते तिच्या हातातून सोडवणं आमच्या घरात कुणालाच कधी जमलं नाही. लहानपणी अंगणाच्या कोपऱ्यात रुतलेल्या एका दगडाखाली काय आहे हे बघायचं तिने ठरवलं होतं. दगड तिच्याहून मोठा होता. सगळी सुट्टी ती त्याच्याशी झुंजत राहिली आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो एकदाचा कलंडला. खाली काहीच नव्हतं, आणि तरी ती खूश होती. वडील कपाळाला हात लावून म्हणाले, "हिच्याशी वाद घालण्यापेक्षा दगडाला सरकणं सोपं वाटलं असेल."

ती पुढे जुनी गावं उकरून काढणारी संशोधक झाली याचं म्हणूनच कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्या मागोमाग मीही त्याच मातीत उतरलो याचं. मी नकाशे काढतो. ताई खणते आणि मी मोजतो, अशी आमची सरळ वाटणी होती. भिंत कुठून कुठे गेली, कोणतं मडकं कोणत्या थरात सापडलं, जमीन कुठे उंच आणि कुठे सखल, हे सगळं कागदावर उतरवायचं, कारण खणणं म्हणजे पुस्तक वाचता वाचता पानं जाळत जाणं, असं ताई नव्या लोकांना नेहमी सांगायची. माती एकदा उचलली की ती पुन्हा तशी ठेवता येत नाही.

ते टेकाड आमच्या वाट्याला आलं ते शेवटच्या हंगामासाठी. मोसम संपला की ती जागा गोदामं बांधायला दिली जाणार होती आणि मुख्य कचेरीतले साहेब दर भेटीत घड्याळाकडे बघत आम्हाला त्याची आठवण करून देत. ताई त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायची, मान डोलवायची, आणि त्यांची गाडी वळणाआड गेली की मजुरांना आणखी एक चर आखून द्यायची.

दिवस एकसारखे जायचे. उन्हं तापायच्या आत कामाला लागायचं, घमेली भरायची, चाळणीवर माती पाखडायची, खापरं धुऊन पत्र्याच्या शेडमध्ये वाळत घालायची. मजुरांवर एक मुकादम होता, उंच, हडकुळा, आणि तोंडाने अखंड चालू. त्याच्या विनोदांवर कुणी हसलं नाही तर तो स्वतःच हसून घ्यायचा. ताईला तो बाई म्हणायचा, आणि तिच्या हुकमाची अंमलबजावणी करताना असा चेहरा करायचा की जणू ती कल्पना मुळात त्याचीच होती.

घर सापडलं ते टेकाडाच्या उताराला. तसं साधंच घर होतं. कच्च्या विटांच्या गुडघाभर उरलेल्या भिंती, दोन खोल्या, आणि सारवून सारवून दगडासारखी घट्ट झालेली मातीची जमीन. बाहेरच्या खोलीत काहीच नव्हतं. जमीन झाडून घेतलेली होती. कुंच्याचे बारीक फराटेसुद्धा एका बाजूला टिकून राहिले होते. पण आतल्या खोलीत, एका कोपऱ्यात, घरातलं जे जे म्हणून जड होतं ते सगळं एकावर एक रचून ठेवलेलं होतं. धान्य दळायचे पाटे होते, मातीने गच्च भरलेले रांजण होते, दोन्ही दारांचे उंबरे उपटून आणलेले होते, आणि सगळ्यांत वर, काळ्या पडलेल्या बाजूंसकट, चुलीचे दगड.

"घर बदलताना सामान काढून ठेवलं असणार," मुकादम म्हणाला. "मग टेम्पोवाला आलाच नाही."

ताई हसली, पण उकिडवी बसून ती त्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिली. "घर बदलणारा माणूस रांजणात माती भरत नाही," ती मला म्हणाली. "आणि चूल शेवटी मोडतात, धाकट्या. यांनी चूल मोडली, ती इथे आणून ठेवली, झाडलोट केली आणि गेले."

मी ढिगाचा नकाशा काढला, फोटो झाले, आणि एकेक दगड उचलून शेडमध्ये नेला. खाली जमीन अखंड होती. मी लेव्हल लावली, म्हणजे तिवईवर दुर्बीण बसवून, समोर धरलेल्या आकड्यांच्या काठीवरून त्या जमिनीची उंची वाचली, आणि कागदावर टिपून जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कोपरा पुन्हा मोजावा लागला, कारण आदल्या दिवशीचा एक आकडा मला पुसट दिसला. उंची नखाच्या जाडीएवढी जास्त आली. असं होतं, काठी धरणाऱ्याचा हात हलतो, तिवईचा पाय रुततो. मी आकडा सुधारला. त्याच्या पुढच्या सकाळी, उगाच, स्वतःची खात्री करून घ्यायला म्हणून मोजलं, तर पुन्हा नखभर वाढ. खोलीचे बाकीचे तीन कोपरे मोजले. ते जिथल्या तिथे होते.

ताईला सांगितलं तेव्हा ती खापरं जुळवत होती. मान वर न करता म्हणाली, "ओझं काढलं की दबलेली माती फुगते. गादीवरून माणूस उठला की कापूस फुगतो तसं. फुगेल आणि थांबेल."

ते पटण्यासारखं होतं, आणि मला ते पटवून घ्यायचंही होतं. पण जमीन थांबेना. मी दुसरी दुर्बीण मागवली, काठी स्वतः धरली, आकडे ताईला वाचायला लावले. कोपऱ्यातली जमीन रोज सकाळी किंचित वर आलेली असायची. आणि मग एके दिवशी तिच्या मधोमध केसासारखी एक बारीक चीर दिसली. ताईने त्या चिरेवर बोट ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तो अंगणातल्या दगडासमोरचा चेहरा होता.

"उद्या कापायचं," ती म्हणाली.

जमिनीचा तो तुकडा आम्ही ओल्या प्लास्टरच्या पट्ट्यांनी बांधला, बारीक करवतीने चौफेर कापला आणि चौघांनी मिळून अलगद उचलला. खाली पोकळी होती. एखादा मोठा माणूस गुडघे पोटाशी घेऊन मावेल एवढी, तिच्या तळाशी भुसभुशीत माती. मुकादमाने विजेरी आत घालून चहूकडे फिरवली.

"कुणी नाही, बाई. भाडेकरू जागा सोडून गेलाय."

सगळे हसले, मीही हसलो. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की ती केसाएवढी चीर सोडली तर वरची जमीन अखंड होती. सारवणाचे थर आरपार एकाही ठिकाणी फुटलेले नव्हते. तो जागा सोडून गेला असेल तर वरून गेलेला नव्हता.

ताई पोटावर पालथी झोपून, डोकं पोकळीत घालून, कडा बघत होती. मग तिने मला शेजारी झोपायला लावलं. "भिंत बघ. बोटांचे ओरखडे दिसतात? हत्यार नाही, नुसती बोटं. आता मला सांग, माणूस खणताना माती कुठे ओढतो?"

"स्वतःकडे."

"वरून खणणारा वर ओढतो. ओरखडा संपतो तिथे मातीची बारीक गुंडाळी उरते, ती वरच्या टोकाला हवी."

मी पाहिलं. प्रत्येक ओरखडा वरून खाली आलेला होता, आणि प्रत्येकाच्या खालच्या टोकाला, वाळून टणक झालेली, मातीची एक छोटी गुंडाळी होती.

आम्ही दोघं तसेच शेजारी शेजारी झोपून राहिलो. वर मजूर कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होते. ताई हळूच म्हणाली, "खालून वर."

त्या दुपारी तिने कापून काढलेला तुकडा शेडमधल्या टेबलावर उलटा केला. खालच्या बाजूने माती खरवडून खरवडून जमीन बोटाच्या जाडीची ठेवलेली होती. आणखी एका सकाळचं काम राहिलं होतं फार तर. पण खरवडणारा तिथेच थांबला होता. आणि जिथे तो थांबला होता तिथे, ओल्या मातीत दाबून उमटल्यासारखी, एक वळसे घेत गेलेली खोलगट खूण होती. ती कसली हे आमच्यापैकी कुणालाच ओळखता येईना. ताईने त्यात प्लास्टर ओतलं, ते सुकू दिलं, आणि कुंचल्याने कडा मोकळ्या करून साचा बाहेर काढला.

टेबलावर एक कान होता. माणसाचा, पूर्ण, पाळीसकट.

मुकादम नेमका चहा घेऊन आला होता. "भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं," तो म्हणाला, "जमिनीलासुद्धा?" या वेळी मात्र तो स्वतःही हसला नाही. कप ठेवून निघून गेला.

"ऐकत होतं," ताई म्हणाली. "एवढं वर आल्यावर थांबून ऐकलं त्याने, वर कुणी आहे का ते."

"आणि वरचे?"

"वरचेही ऐकतच असणार. नाहीतर दगड कशाला रचले असते?"

साहेब आले ते त्याच आठवड्यात. पोकळी बघितली, कान बघितला, रुमालाने मान पुसली. एखाद्या जनावराचं जुनं बीळ आहे, ते म्हणाले, आणि मातीत काय, ढगात दिसतात तसे आकार दिसतात. अहवालात बीळ म्हणून लिहा, चर बुजवून घ्या, गोदामवाल्यांचे फोन येताहेत.

"बीळ असेल तर खालपर्यंत जाऊन बघते," ताई म्हणाली. "जनावराला अंगठा नसतो, साहेब. या भिंतीवर अंगठे आहेत."

"तुमचा हट्ट मला माहीत आहे."

"मग परवानगी देऊन टाका. दोघांचाही वेळ वाचेल."

त्यांनी दिली. ताईला नाही म्हणण्यात त्यांची याआधी बरीच वर्षं गेली होती आणि त्यातून कधी काही निष्पन्न झालं नव्हतं.

ताईने पोकळीतून खाली उतरायचा वेडेपणा केला नाही. तिने शेजारी एक मोठा चर घेतला, फळ्यांचा आधार देत देत तो खोल नेला, आणि काकडी उभी चिरावी तशी ती सगळी खणलेली वाट अर्ध्यावर चिरत गेली, म्हणजे चराच्या भिंतीत ती वरपासून खालपर्यंत उघडी दिसावी. वाट मातीनेच भरलेली होती. वर जाणाऱ्याने ओढलेली माती त्याच्याच पायांखाली पडली होती, आणि तिच्यावर उभं राहून तो आणखी वर गेला होता. परत जायला जागा ठेवलेली नव्हती. जसजसे आम्ही खाली गेलो तसतशी ती वाट अरुंद होत गेली.

"बाई, हा मुळा आहे," मुकादम चराच्या काठावरून म्हणाला. "वर जाड, खाली बारीक."

मी मात्र तेव्हा बोटं मोजत होतो. प्रत्येक थराशी मी ओरखड्यांची रुंदी टिपून घ्यायचो, आणि ती कमी होत चालली होती. आधी वाटलं, दोघे-तिघे असतील. मोठा माणूस वर, त्याच्या खाली बायको, तिच्या खाली मूल, असं काहीतरी. पण डाव्या हाताची करंगळी तसं मानू देत नव्हती. वरच्या पोकळीतच माझ्या लक्षात आलं होतं की ती करंगळी बाकीच्या बोटांशी समांतर जात नाही, बाहेर फाकते, आणि तिचा ओरखडा जरा एकटा पडतो. पुरुषभर खाली, जिथे हात मोठ्या मुलाच्या हाताएवढा झाला होता, तिथेही करंगळी तशीच फाकलेली होती. आणखी खाली हात माझ्या मुलीच्या हाताएवढा होता. ती तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. करंगळी तशीच.

मी पेन्सिल ठेवली आणि चरातून वर येऊन शेडच्या सावलीत बसलो. ताई मागोमाग आली. तिला कळलेलं होतं. तिला माझ्या आधीच कळलं असणार.

"एकच आहे," मी म्हणालो.

"हो."

"ताई, ते खणता खणता मोठं झालंय."

"हो," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. "सबंध आयुष्य. अंधारात, हातांनी, कुणी शिकवलेलं नसताना कुठली दिशा वर ते ओळखून. आणि बोटभर जमीन राहिली असताना वरच्यांनी त्याच्या डोक्यावर पाटे ठेवले."

तिच्या आवाजात मला न ओळखता येणारा असा राग होता. मी तिला कचेरीतल्या लोकांवर चिडलेलं पाहिलं होतं, माझ्यावर तर नेहमीच. पण हा राग एखाद्या जवळच्या माणसाच्या वतीने येतो तसा होता.

"त्यांना घाबरायला झालं असेल," मी म्हणालो. "घरात लहान मुलं असतील. खालून रोज खरवडल्याचा आवाज येतोय, जमीन वर येतेय. बाईने स्वतःची चूल मोडून नवऱ्याच्या हातात दगड दिलेत, ताई. चूल कुणी हौसेने मोडत नाही."

"तू काय केलं असतंस?"

उत्तर मला ठाऊक होतं. "मी पण पाटा ठेवला असता."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. ती हे दुष्टपणे म्हणाली नाही. तिने माझ्या पाठीवरची माती झटकली, लहानपणी शाळेतून आल्यावर झटकायची तशी, आणि उठली. "म्हणून तू मोजतोस."

"आणि ते गेलं कुठे?" मी तिच्या मागून ओरडलो. "हाड नाही, दात नाही. वरून बाहेर पडलेलं नाही, खाली वाट बुजलेली आहे. हे तुला कुठेच टोचत नाही?"

ती वळली. "टोचतं ना. म्हणून तर खाली जातेय."

मी त्या दिवशी काम सोडून जायचं ठरवलं होतं. पिशवीसुद्धा भरली. मग घरी फोन केला, मुलगी फोनवर आली आणि तिने शाळेत कुणी कुणाला ढकललं याची लांबलचक हकिकत सांगितली. ती ऐकता ऐकता मला दिसत होतं, ताई चराच्या शिडीवरून एकटी उतरते आहे, फळ्या नीट बसल्यात का ते थोपटून बघते आहे. तिला तिथे एकटं सोडणं मला जमलं नसतं. मी पिशवी रिकामी केली.

शेवटचे दिवस आम्ही नुसते खाली जात राहिलो. गावाचे सगळे थर मागे पडले. खापरं संपली, राख संपली, आणि मजूर जिला कोरी माती म्हणतात ती लागली, माणसाचा हात कधीच न लागलेली, पिवळसर, एकजीव. कोणत्याही खणण्याचा शेवट तिथे होतो. कोरी माती लागली की मुकादम कुदळ टेकवून तंबाखू काढायचा. या वेळीही त्याने काढली, आणि ताईने न बघताच मान हलवली तेव्हा ती परत खिशात ठेवली. वाट कोऱ्या मातीतही चालूच होती. आता ती मनगटाएवढी उरली होती आणि तिच्या भिंतीवरचे ओरखडे भिंग लावल्याशिवाय दिसत नव्हते. एके ठिकाणी पाचही दिसले, दोऱ्यासारखे, आणि एक जरा बाजूला फाकलेला.

तिचा तळ सापडला तेव्हा टळटळीत दुपार होती आणि चराच्या तळापर्यंत ऊन पोचलं होतं. तिथे ओंजळीत मावेल एवढी एक गोल पोकळी होती, आतून गुळगुळीत. तिच्या बाजूने, खालून, कुठूनही कसली वाट आलेली नव्हती. सभोवार कोरी मातीच होती. जे काही वर निघालं होतं ते तिथूनच निघालं होतं.

ताईने हातातली खुरपी काढून ठेवली आणि तळहात त्या पोकळीत घातला. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा तो तिने तिथे ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला तिचा चेहरा दिसत नव्हता.

"काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही." मग नेहमीच्या कामाच्या आवाजात, "रिकामी, असं लिही."

मी तसं लिहिलं. फोटो काढले, उंची मोजली. मीही हात घालून बघावा असं वाटलं, पण घातला नाही.

हंगाम संपला. साहेबांच्या अहवालात बीळच गेलं. ताईने त्यावर वाद घातला नाही, आणि मला तेच खटकलं. कानाचा साचा, पाटे, रांजण, सगळं पेट्यांत भरून गाडीत चढलं. नियमाप्रमाणे चर बुजवायचे होते. मजुरांनी दोन दिवसांत बाकीचे भरून, पाणी मारून, धुमस मारून सपाट केले, आणि शेवटी सगळे मोठ्या चराशी आले. माती पडायला लागली. मी काठावर उभा राहून बघत होतो आणि खरं सांगायचं तर माझ्या मनावरचं ओझं घमेल्याघमेल्याने उतरत होतं. सर्वांत खालची पोकळी दिसेनाशी झाली, मग ते बारीक ओरखडे, मग माझ्या मुलीच्या हाताएवढे, मग मोठ्या माणसाचे. दोघे जण धुमस घेऊन पुढे झाले.

"धुमस नको," ताई म्हणाली.

ते थांबले. मुकादम म्हणाला, "बाई, दाबली नाही तर पहिल्याच पाण्याला खचेल. खड्डा पडेल इथे."

"पडू दे. माती दाबायची नाही. सैल राहू द्या."

"ढेकळं तरी फोडून टाकू?"

"तेवढी फोडा," ती म्हणाली. "बारीक करून टाका. आणि मोठे दगड असतील ते वेचून काढा."

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी ताईकडे पाहिलं. आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यासमोर मी लहानपणापासून कधी टिकलो नव्हतो. मुकादमाने खांदे उडवले आणि मजुरांना हाक दिली. त्यांनी दगड वेचले, ढेकळं फोडली, आणि पेरणीआधी करतात तशी मऊ, भुसभुशीत माती वरपर्यंत भरली. वर चालताना पाय रुतू नयेत म्हणून ते सगळे तिला वळसा घालून गाडीकडे गेले.

अवजारं चढली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो, मुकादम मागे मजुरांशी बोलत होता. ताई अजून तिथेच होती, चराच्या कडेला, कमरेवर हात ठेवून, काम नीट झालंय का ते बघत उभी राहते तशी. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"चला, आमचं झालं," ती मोठ्याने म्हणाली, आणि हात झटकत येऊन गाडीत बसली.

गाडी बरीच पुढे आल्यावर माझ्या लक्षात आलं, हे म्हणताना ती आमच्याकडे पाठ करून उभी होती.